क्रोकेटचं वजन

क्रोकेट माझ्याकडे राहायला आला त्या दिवशीच मी सांगून टाकलं होतं, की मला उंदीर आवडत नाहीत.

"उंदीर नाहीये तो, हॅमस्टर आहे," माझी नात यित्स्के म्हणाली.

"म्हणजे शेपूट नसलेला उंदीर."

दहा वर्षांची पोर, पण तिने माझ्याकडे असं काही पाहिलं की पुढचं बोलणं मी गिळलं.

माझी मुलगी गेस्के आणि तिचा नवरा येल्मर वेगळे झाले त्याला तीन वर्षं झाली होती. हल्ली सगळे करतात तशीच यांनीही वाटणी केली. पोर एक आठवडा आईकडे, एक आठवडा बापाकडे. गेस्के इथे माझ्याच गावात, आपिंगेडाममध्ये राहते, येल्मर तिकडे ग्रोनिंगन शहरात. दर शुक्रवारी यित्स्केचं दप्तर, पोहण्याचे कपडे आणि क्रोकेटचा पिंजरा मोटारीच्या मागच्या सीटवर चढायचा. क्रोकेट तरणा होता तोवर हे चाललं. पण अडीच वर्षांचा हॅमस्टर म्हणजे आपल्यातला पंचाऐंशीचा म्हातारा. त्याचा उजवा डोळा सारखा चिकटायचा, पाठीवरचे केस झडले होते, मागचे पाय आखडले होते. शुक्रवारच्या प्रवासानंतर तो दोन दोन दिवस कोपऱ्यात बसून राहायचा. जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, याला आता एकाच घरी ठेवा.

एकाच म्हणजे कुणाच्या, यावरून फोनवर दोघांची जुंपली. शेवटी यित्स्केनेच तोडगा काढला. "आजीकडे ठेवू या," ती म्हणाली. "आजी कुणाच्याच आठवड्यात येत नाही."

असा जानेवारीत तो माझ्या बैठकीच्या खोलीत आला. सोबत एक वही. पहिल्या पानावर यित्स्केने गोल गोल अक्षरात नियम लिहिले होते. वरून झडप घालून उचलायचं नाही, त्याला ससाणा वाटतो. खालून ओंजळ करायची. दिवसा झोपेतून उठवायचं नाही. घरट्यातल्या कागदाला हात लावायचा नाही, तिथे त्याचं कोठार आहे आणि कोठार मोडलं की त्याला भीती वाटते. संध्याकाळी डोळा कोमट पाण्याने पुसायचा. आणि दर रविवारी वजन करून मागच्या पानांवर लिहायचं. या शेवटच्या नियमाखाली तिने दोन रेघा ओढल्या होत्या.

"वजन कशाला?" मी विचारलं.

"कारण तो बोलत नाही ना, आजी. दुखलं तरी सांगत नाही. डॉक्टर म्हणाल्या, वजनच सांगतं."

पहिल्या रविवारी मी वजन केलं. खोटं कशाला बोलू, अगदी मनापासून केलं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वाडगा ठेवला, त्यात हे महाशय. एकशे बत्तीस ग्रॅम. मी आकडा लिहीपर्यंत त्याने वाडग्यात तीन लेंड्या टाकल्या आणि उचलताना मुतला, ते थेट काट्याच्या ताटलीवर. त्या ताटलीवर मी केकचं पीठ मोजते. उकळतं पाणी ओतून ती मी तीनदा घासली, तरी त्या आठवड्यातला केक माझ्या घशाखाली उतरला नाही.

पुढच्या रविवारी मी काटा काढलाच नाही. मी एकतीस वर्षं बेकरीच्या गल्ल्यामागे उभी राहिले आहे. पाव हातात घेतला की दहा ग्रॅम इकडे का तिकडे, मला कळतं. नवीन पोरी कामाला लागल्या की माझी परीक्षा घ्यायच्या, आणि हरायच्या. तर एवढासा प्राणी मला कळणार नाही? संध्याकाळी डोळा पुसायला त्याला टॉवेलात घेतला, नीट पाहिलं, आणि लिहिलं: एकशे एकतीस. नंतरच्या रविवारी एकशे तीस. मग पुन्हा एकशे तीस, मग एकशे एकोणतीस. म्हाताऱ्याचं वजन थोडं थोडं उतरणारच, म्हणून मी ते बेताबेताने उतरवत नेलं. खोट्यातसुद्धा माझी टापटीप बघा.

मला ते खोटं वाटतच नव्हतं. रोज सकाळी त्याची वाटी चाटून पुसून ठेवल्यासारखी रिकामी असायची. आम्ही ज्या घरात वाढलो तिथे ताट रिकामं झालं की विषय संपला. ताटात उरलं तर आई काळजीत, ताट स्वच्छ तर पोर ठणठणीत. सूर्यफुलाच्या बिया, ज्वारीसारखे ते बारीक दाणे, वाळवलेले वाटाणे, सगळं रातोरात गायब. मी शेजारणीलाही सांगायचे, की म्हातारा आहे पण भूक घोड्याची आहे. शितावरून भाताची परीक्षा करायची माझी जुनी खोड, आणि इथे तर शितही उरत नव्हतं.

आणि तो दिसायचाही गुबगुबीत. आता मला ठाऊक आहे की आजारी हॅमस्टर अंगावरचे केस फुलवून बसतो, म्हणून मोठा दिसतो. तेव्हा ठाऊक नव्हतं. टॉवेल जाड होता, हात माझा होता आणि घमेंडही माझीच.

पण मी त्याचं काही केलं नाही असं म्हणू नका. डोळा मी एकही दिवस चुकवला नाही. सहाच्या सुमाराला तो घरट्यातून डोकं काढायचा, मी ओंजळ पुढे करायचे आणि तो आपण होऊन हातात यायचा. कापसाने मी पापणी ओली करत बसायचे, पाच मिनिटं, कधी दहा. मग डोळा उघडायचा आणि त्या काळ्या मण्याने तो माझ्याकडे बघायचा. मी त्याच्याशी बोलायला लागले होते. नगरपालिकेने झाडं कापली तेसुद्धा मी त्याला सांगितलं. नवऱ्याच्या शेवटच्या दुखण्यात मी इतकी हळुवार नव्हते, हे कबूल करते. काकडीचा पातळ काप तो माझ्या बोटांतून घ्यायचा आणि कितीतरी वेळ चोखत बसायचा. चावायचा नाही, चोखायचा. हे मी रोज पाहत होते, आणि मला ते लाडिक वाटत होतं.

बुधवारी शाळा दुपारी सुटते, तेव्हा यित्स्के यायची. क्रोकेट झोपलेला असायचा आणि नियम तिचाच, उठवायचं नाही. मग ती पिंजऱ्यापाशी मांडी घालून बसायची, रिकामी वाटी बघायची, वही उघडायची.

"एकशे अठ्ठावीस," ती म्हणायची. "छान चाललंय ना, आजी?"

"छान चाललंय," मी म्हणायचे, आणि तिच्यापुढे लोणी लावलेला पाव ठेवायचे.

मार्चमधल्या एका बुधवारी ती आली तेव्हा क्रोकेट भर दुपारी बाहेर बसला होता. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात, पाठीला कुबड काढून. हनुवटी ओली. यित्स्केने कोट काढायच्या आधी हात आत घातला आणि त्याला ओंजळीत घेतलं.

"आजी," ती म्हणाली, "हा हलका आहे."

"झोपेतून उठलाय म्हणून तसं वाटतंय."

"नाही. हलका आहे."

तिने स्वतःच स्वयंपाकघरात जाऊन काटा शोधला. तो वरच्या फळीवर होता, केकच्या साच्यांच्या मागे. तिने वाडगा ठेवला, आकडा शून्यावर आणला, क्रोकेटला आत बसवलं. एक्याऐंशी.

तिने वही उघडली. रविवारचा आकडा होता एकशे सत्तावीस.

"काटा बिघडला असेल," ती म्हणाली. मला तेवढीच सुटका वाटली. पण पोर हुशार. फ्रिजमधून तिने लोण्याचा न फोडलेला पुडा काढला, अडीचशे ग्रॅमचा, आणि काट्यावर ठेवला. दोनशे बावन्न. कागदासकट बरोबर.

"रविवारी एकशे सत्तावीस होता ना?"

ती माझ्यावर आरोप करत नव्हती. खरंच विचारत होती. तेव्हाच बोलले असते तर माझी फजिती झाली असती, एवढंच. पोर थोडी रडली असती, दोन दिवस रुसली असती.

"होता," मी म्हटलं.

मोटारीत ती मागे बसली, क्रोकेटला स्वेटरच्या आत धरून. दवाखान्यापर्यंत दहा मिनिटांचा रस्ता. मी सिग्नलला दोनदा उगाच चिडले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत, हाताला पावडरीचा वास. त्यांनी क्रोकेटचं तोंड एका बारीक चिमट्याने उघडलं आणि आत दिव्याचा उजेड टाकला.

"वरचे दोन्ही दात तुटलेत," त्या म्हणाल्या. "त्यामुळे खालच्यांना अडवायला कुणी नाही. वाढून आत वळलेत, टाळूला टोचतायत. याला दाणा फोडता येत नसणार."

"पण तो सगळं खातो," यित्स्के म्हणाली. "वाटी रोज रिकामी असते. आणि आजी वजन करते, हे बघा ना."

तिने वही पुढे केली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तशी मी भिंतीवरच्या मांजरांच्या चित्रांकडे बघायला लागले.

डॉक्टरीणबाईंनी पानं चाळली. मग चष्मा काढून त्या माझ्याशी बोलायला लागल्या, पण शब्द पोरीलाही कळतील असे वापरत होत्या.

"दातांमुळे उपाशी राहिलेला प्राणी हळूहळू वाळतो. महिना, दीड महिना लागतो. तसं असतं तर मी आत्ता दात कापले असते, तुम्हाला पातळ खाणं पिचकारीने भरवायला शिकवलं असतं. म्हातारा असला तरी महिना-दोन महिने सहज काढले असते त्याने. पण वहीप्रमाणे हा रविवारपर्यंत ठीक होता आणि तीन दिवसांत सेहेचाळीस ग्रॅम गेले. एवढं दातांनी होत नाही. म्हणजे आत काहीतरी मोठं झालंय, गाठ किंवा तसलंच. अशा वेळी भूल देऊन दात कापणं म्हणजे त्याला उगाच छळणं. मग त्याला शांतपणे झोपवणंच बरं." त्या थांबल्या. "रविवारचा आकडा नक्की आहे ना?"

मी तोंड उघडायच्या आत यित्स्के म्हणाली, "आजी एकतीस वर्षं बेकरीत होती. तिचं वजन चुकत नाही."

डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत होत्या. मी मान हलवली. होकाराची.

त्या क्षणी माझ्या मनात काय होतं ते सांगते, सबब म्हणून नव्हे. मला वाटलं, म्हाताराच आहे, आज ना उद्या जाणारच. वाटलं, पोरीसमोर नको, परक्या बाईसमोर नको. वाटलं, अजून एक मिनिटाने सांगते. आणि ते मिनिट गेल्यावर वाटलं, आता सांगितलं तर आधी का नाही सांगितलं म्हणून विचारतील. लोक म्हणतात मूग गिळून बसले. मी तर अख्खं पोतं गिळलं. एका वाक्याचं काम होतं. मी वजन केलं नाही. चार शब्द.

यित्स्केने विचारलं, "त्याला आत्ता दुखतंय का?"

"हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मग झोपवा." तिचा आवाज अजिबात हलला नाही. "पण आजीच्या हातात झोपू दे. तिच्या हाताची त्याला सवय आहे. रोज संध्याकाळी ती त्याचा डोळा पुसते."

मी ओंजळ केली. तो नेहमीसारखा आपण होऊन आत आला, गोल फिरला आणि बसला. आधी त्यांनी त्याच्या नाकाशी भुलीचा वायू धरला, मग सुई टोचली. पाव मिनिटभर मला त्याचा श्वास तळहातावर लागत होता, नंतर लागेना. त्याला खरोखरच काही वजन नव्हतं. हातात घेतल्याबरोबर कुणालाही कळलं असतं.

घरी आल्यावर यित्स्के म्हणाली, पिंजरा आत्ताच धुऊ. मी म्हटलं राहू दे, उद्या बघू. तिने ऐकलं नाही. मोरीत पिंजरा ठेवून तिने घरट्यातले कागद एकेक करून उचलले. खाली कोठार होतं. सूर्यफुलाच्या बिया, दाणे, वाळलेले वाटाणे, हातभर पसरलेले, काही बुरशी आलेले. मी ओळखीचा एकेक दाणा बघत होते. रोज रात्री म्हाताऱ्याने वाटीतलं सगळं गालांत भरून इथे आणून रचलं होतं, पुढे कधीतरी खाईन म्हणून. त्यातली एकही बी सोललेली नव्हती.

यित्स्के ते सगळं बराच वेळ बघत राहिली. मग तिने टेबलावरच्या वहीकडे पाहिलं, मग वरच्या फळीकडे, जिथून तिने दुपारी काटा काढला होता. माझ्याकडे पाहिलं नाही. तिने दाणे एका पिशवीत भरले, पिशवीला गाठ मारली, आणि हात धुऊन म्हणाली, "मला आईकडे सोड ना, आजी."

शनिवारी माझ्या बागेत क्रोकेटला पुरायचं ठरलं. आठवडा येल्मरचा होता, पण गेस्केही आली. तीन वर्षांत ते दोघं पहिल्यांदा माझ्या दारात एकत्र उभे होते. येल्मरने खड्डा खणला, गेस्केने मी केलेला केक कापला, कॉफी ओतली. बुटाच्या खोक्यात यित्स्केने कापूस घातला होता. आमच्याकडे पोरं अशा वेळी कागदावर काहीतरी लिहून आणतात आणि वाचतात, मोठ्यांच्या अंत्यविधीत बघितलेलं असतं ना. यित्स्केनेही आणलं होतं.

"क्रोकेट दोन वर्षं सात महिने जगला," तिने वाचलं. "त्याला काकडी आवडायची आणि झाकण नसलेली खोकी आवडायची. तो एकदा बाबांच्या बुटात हरवला होता." येल्मर हसला, गेस्केही हसली. "शेवटी तो आजीकडे राहायला गेला. आजीने त्याची खूप काळजी घेतली. ती रोज त्याचा डोळा पुसायची आणि दर रविवारी त्याचं वजन करायची. तिने एकही रविवार चुकवला नाही."

ती न अडखळता वाचत होती. चेहऱ्यावर काही नाही, डोळे कागदावर. तो चेहरा मी दवाखान्यात केला होता, आतून तो कसा लागतो ते मला माहीत होतं. पोरीने तो माझ्याकडून उचलला होता.

गेस्केने माझा दंड दाबला. "आई, किती केलंस गं तू त्याच्यासाठी."

"नाही केलं," मी म्हटलं.

"काय?"

"वजन. पहिल्या रविवारी केलं, मग नाही. बाकीचे आकडे मी मनाने लिहिले. आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा हो म्हटलं. त्याला वाचवता आलं असतं, निदान दोन महिने. माझ्यामुळे त्याला मारलं."

येल्मर फावडं धरून उभा राहिला. गेस्केने माझ्या दंडावरचा हात काढला. मला वाटलं होतं, सांगितलं की छातीवरचा दगड उतरेल. तसलं काही झालं नाही. मी यित्स्केकडे बघत होते. ती कागदाची घडी घालत होती, आधी अर्धी, मग पाव.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"माहीत होतं तर असं का वाचलंस?"

"मला वाटलं, तुला असंच हवंय."

मी खाली वाकून तिचा हात धरायला गेले. तिने हात मागे घेतला नाही, पण तो माझ्या हातात नुसताच पडून राहिला. तिचे ओठ थरथरायला लागले होते, बुधवारपासून पहिल्यांदाच.

"इथे सांगून काय उपयोग, आजी?" ती म्हणाली. "तिथे सांगायचं होतंस. तिथे तो जिवंत होता."